बर्नी सँडर्स: कारकीर्द, धोरणं आणि दोन प्रायमरी निवडणुका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी बर्नी सँडर्स यांनी २०१६ आणि २०२० अशी दोनदा मागितली. ही उमेदवारी 'प्रायमरी' या पक्षांतर्गत निवडणुकांतून ठरते, आणि दोन्ही वेळा ते दुसरे राहिले. त्यांच्याविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुधा तीन वाक्यांवर थांबते: ते समाजवादी आहेत, सगळं फुकट द्यायचं म्हणतात, आणि पक्षाने त्यांना फसवलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रस्ताव दर, मर्यादा आणि मुदतींसकट लिहिलेले आहेत आणि त्यांच्या पराभवाचा हिशेबही मांडता येतो. ते आकडे पाहूनच बाजूने किंवा विरोधात मत ठरवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. खाली जिथे 'लाख कोटी' असं लिहिलं आहे, तिथे एकावर बारा शून्यं समजावीत.

सँडर्स नेमके कोणत्या पक्षाचे?

कागदोपत्री अपक्ष. व्हरमाँट राज्यात मतदार नोंदवताना पक्ष लिहावाच लागत नाही, त्यामुळे तिथे ही गोष्ट सोपी जाते. सिनेटच्या निवडणुकीत ते डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरतात, जिंकतात, मिळालेली उमेदवारी नाकारतात आणि मुख्य निवडणूक अपक्ष म्हणून लढवतात. याने दोन गोष्टी साधतात: समोर डेमोक्रॅटिक उमेदवार उभा राहत नाही आणि मतं फुटत नाहीत. सिनेटमध्ये ते डेमोक्रॅटिक गटासोबत बसतात. समित्यांवरच्या जागा आणि ज्येष्ठता त्यांना त्या गटामुळेच मिळते.

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मात्र ही सोय नाही. २०१८ मध्ये पक्षाने नियम केला, की उमेदवाराने आपण डेमोक्रॅट आहोत आणि निवडून आल्यास डेमोक्रॅट म्हणूनच काम करू, असं लेखी द्यावं. मार्च २०१९ मध्ये सँडर्स यांनी तशी सही केली. पक्षातल्या अनेक जुन्या कार्यकर्त्यांना हे पटलं नाही, आणि ती अढी पुढे मतांमध्येही दिसली.

राजकारणात येण्याआधी ते काय करत होते?

जन्म ८ सप्टेंबर १९४१, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील पोलंडहून आलेले ज्यू स्थलांतरित, रंग विकणारे. घरात पैशांची कायमची ओढाताण. शिकागो विद्यापीठातून १९६४ मध्ये राज्यशास्त्राची पदवी. तिथे असताना त्यांनी विद्यापीठाच्या घरांमधल्या वर्णभेदाविरुद्ध धरणं धरलं. १९६३ मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनात त्यांना अटक होऊन २५ डॉलर दंडही झाला. १९६८ मध्ये ते व्हरमाँटला स्थायिक झाले. 'लिबर्टी युनियन' या छोट्या पक्षातर्फे १९७२ ते १९७६ या काळात सिनेट आणि गव्हर्नरपदासाठी मिळून चार निवडणुका लढले आणि चारही हरले.

महापौर म्हणून त्यांनी काही उभं केलं का?

केलं, आणि त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी वाचला गेलेला भाग हाच आहे. १९८१ मध्ये बर्लिंग्टन शहरात ते फेरमोजणीनंतर अवघ्या १० मतांनी महापौर झाले. नगरमंडळात त्यांच्या बाजूचे मोजकेच सदस्य होते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्यांच्या नेमणुका अडवल्या गेल्या. पुढच्या निवडणुकांत समर्थकांची संख्या वाढली, तेव्हा कुठे कारभार हाती आला. १९८९ पर्यंत, दोन-दोन वर्षांच्या चार मुदती, ते या पदावर होते.

१९८४ मध्ये शहराने २ लाख डॉलर भांडवल घालून सामुदायिक जमीन न्यास सुरू केला. पद्धत अशी: जमीन न्यासाच्या मालकीची राहते आणि कुटुंब फक्त घर विकत घेतं. त्यामुळे किंमत आवाक्यात येते. घर विकायची वेळ आली, की मालकाला त्याने भरलेली रक्कम परत मिळते आणि वाढलेल्या किमतीतला साधारण चौथा हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. सरकारी अनुदानातून बांधलेली घरं दहा-पंधरा वर्षांत खुल्या बाजारात निघून जातात, हा दोष या रचनेत येत नाही. हा न्यास आज 'शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट' या नावाने चालतो आणि देशोदेशीचे गृहनिर्माणवाले त्याचा अभ्यास करतात. मुंबई-पुण्यात परवडणाऱ्या घरांवर काम करणाऱ्यांनी तर तो बारकाईने पाहावा.

"तीस वर्षं संसदेत बसून काहीच केलं नाही" हे खरं आहे का?

त्यांच्या नावाने मंजूर झालेली मोठी विधेयकं कमी आहेत, हे खरं. पण त्यांची रीत वेगळी आहे: दुसऱ्यांच्या मोठ्या विधेयकात आपली दुरुस्ती घुसवायची, आणि त्यासाठी गरज पडली तर रिपब्लिकन सदस्यही सोबत घ्यायचे.

ते १९९१ ते २००७ प्रतिनिधीगृहात होते आणि तेव्हापासून सिनेटमध्ये आहेत. २०१० च्या आरोग्य कायद्यात त्यांनी सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी सुमारे १,१०० कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी त्यांच्या दुरुस्तीमुळे, आर्थिक संकटात फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, कोणाला किती मदत दिली त्याची तपासणी झाली. सिनेटमध्ये ती ९६ विरुद्ध ० अशी मंजूर झाली होती. २०१४ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या प्रतीक्षायाद्यांचा घोटाळा उघड झाला, तेव्हा संबंधित समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी रिपब्लिकन जॉन मकेन यांच्याशी वाटाघाटी करून कायदा केला. येमेनमधल्या युद्धाला अमेरिकेची मदत थांबवणारा ठराव त्यांनी रिपब्लिकन माइक ली यांच्यासोबत मांडला. २०१९ मध्ये तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, पण ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला.

अपयशही लिहायला हवं. किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याची त्यांची दुरुस्ती मार्च २०२१ मध्ये ४२ विरुद्ध ५८ अशी पडली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत आठ जण डेमोक्रॅटिक गटातलेच होते. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलेलं आहे.

ते स्वतःला 'लोकशाही समाजवादी' म्हणवतात. म्हणजे उद्योगांचं राष्ट्रीयीकरण?

नाही. २०१५ मधलं जॉर्जटाउन विद्यापीठातलं आणि २०१९ मधलं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातलं भाषण वाचलं तर दिसतं, की त्यांचा आधार फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी १९४४ मध्ये मांडलेले आर्थिक हक्क हा आहे: काम, घर, आरोग्य, शिक्षण. आपल्याकडच्या वाचकाला समाजवादी म्हटलं की एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे आठवतात, किंवा मग सोव्हिएत पंचवार्षिक योजना. सँडर्स यांचं उदाहरण मात्र नेहमी डेन्मार्क, स्वीडनचं असतं. खासगी बाजार राहील, पण आजारपण आणि शिक्षण त्याच्या हवाली नसेल, एवढं त्यांचं म्हणणं.

'मेडिकेअर फॉर ऑल' प्रत्यक्षात कसं लागू होणार होतं?

मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. ती चार वर्षांत सगळ्यांना लागू करायची, असं सँडर्स यांचं विधेयक सांगतं. पहिल्या वर्षी १८ वर्षांखालची सर्व मुलं योजनेत येतात आणि प्रौढांसाठी वयाची अट ५५ वर येते. मग ४५, मग ३५, मग सगळे. विम्याचा हप्ता नाही, डॉक्टरकडे गेल्यावर वेगळी रक्कम नाही. औषधांसाठी मात्र वर्षाला जास्तीत जास्त २०० डॉलरपर्यंत आकारणीची मुभा ठेवली आहे. योजनेत जे मिळतं तेच विकणारा खासगी विमा बंद. योजनेबाहेरच्या सेवांसाठी तो चालू राहू शकतो.

पैसा कुठून, यासाठी त्यांनी पर्यायांची यादी दिली होती. त्यातला एक: चार जणांच्या कुटुंबाच्या पहिल्या २९,००० डॉलर उत्पन्नावर काही नाही, वरच्या रकमेवर ४ टक्के. म्हणजे ६०,००० डॉलर कमावणाऱ्या कुटुंबाला ३१,००० डॉलरवर ४ टक्के, वर्षाला १,२४० डॉलर. मालकांनी पगारखर्चावर ७.५ टक्के द्यायचे, पण पहिले २० लाख डॉलर वगळून, म्हणजे छोटे दुकानदार सुटतात.

मग अडतं कुठे?

रुग्णालयांच्या दरांवर. २०१८ मध्ये मर्केटस सेंटर या संस्थेच्या अभ्यासाने दहा वर्षांत केंद्र सरकारचा खर्च सुमारे ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल असं म्हटलं. विरोधकांनी हा आकडा उचलला. त्याच अभ्यासात असंही होतं, की देशाचा एकूण आरोग्यखर्च, म्हणजे सरकारी आणि खासगी मिळून, सुमारे २ लाख कोटींनी कमी होईल. तो आकडा सँडर्स यांनी उचलला. दोन्ही आकडे खरे, पण दुसरा एका अटीवर उभा आहे: रुग्णालयांना आणि डॉक्टरांना खासगी विम्याच्या मानाने साधारण ४० टक्के कमी असलेले मेडिकेअरचे दर मान्य व्हायला हवेत. ते दर टिकले नाहीत तर बचत उरत नाही.

त्यांच्या स्वतःच्या राज्याचा अनुभवही विसरू नये. व्हरमाँटने २०११ मध्ये राज्यापुरती अशी योजना कायद्याने स्वीकारली. डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी ती गुंडाळली, कारण पगारखर्चावर ११.५ टक्के आणि उत्पन्नावर कमाल ९.५ टक्के नवा कर लागणार होता. एकट्या छोट्या राज्याला ते पेलत नाही. सँडर्स समर्थक म्हणतात की म्हणूनच योजना देशपातळीवर हवी, आणि त्या म्हणण्यात दम आहे. तरीही नवीन कर आधी दिसतो आणि वाचलेला हप्ता नंतर, ही राजकीय अडचण तिथेही सुटत नाही.

संपत्ती कराचे दर काय होते?

सप्टेंबर २०१९ च्या प्रस्तावात विवाहित जोडप्यासाठी असे टप्पे होते: ३ कोटी २० लाख डॉलरपर्यंत काहीही नाही; तिथून ५ कोटींपर्यंत १ टक्का; २५ कोटींपर्यंत २; ५० कोटींपर्यंत ३; १०० कोटींपर्यंत ४; २५० कोटींपर्यंत ५; ५०० कोटींपर्यंत ६; १,००० कोटींपर्यंत ७; त्यापुढे ८ टक्के. एकट्या व्यक्तीसाठी या मर्यादा निम्म्या.

लोक चुकतात ते इथे: दर पूर्ण संपत्तीवर नसतो, त्या-त्या टप्प्यातल्या भागावर असतो. १० कोटी डॉलर असलेल्या जोडप्याला १ कोटी ८० लाखांवर १ टक्का म्हणजे १ लाख ८० हजार, आणि वरच्या ५ कोटींवर २ टक्के म्हणजे १० लाख. वर्षाचे एकूण ११ लाख ८० हजार डॉलर. देश सोडून पळणाऱ्यांसाठी ४० ते ६० टक्के निर्गमन कर आणि अब्जाधीशांच्या विवरणपत्रांची शंभर टक्के तपासणी हेही प्रस्तावात होतं.

खरा अडथळा राज्यघटनेचा आहे. 'प्रत्यक्ष कर' राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून लावावा, असं घटना सांगते. उत्पन्न कराला सोळाव्या घटनादुरुस्तीने सूट मिळाली, संपत्ती कराला तशी सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न अजून निकाली काढलेला नाही.

मोफत महाविद्यालय आणि कर्जमाफी?

सरकारी महाविद्यालयांची शिकवणी फी माफ, आणि सुमारे ४.५ कोटी लोकांवरचं १.६ लाख कोटी डॉलरचं शैक्षणिक कर्ज पूर्ण माफ. उत्पन्नाची अट नाही. २०२० च्या प्रायमरीतल्या प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांच्या योजनेत ती होती, कमाल ५०,००० डॉलरपर्यंत. पैसा शेअर व्यवहारांवर ०.५ टक्के, रोख्यांवर ०.१ आणि डेरिव्हेटिव्हवर (फ्युचर्स, ऑप्शन्स यांसारख्या करारांवर) ०.००५ टक्के कर लावून उभा करायचा. फीमाफीचा ६७ टक्के भार केंद्र उचलणार, ३३ टक्के राज्यं. राज्याने हिस्सा द्यायला नकार दिला तर तिथल्या विद्यार्थ्यांना लाभ पोचत नाही, ही या रचनेची कच्ची बाजू.

हवामान बदलावर?

१६.३ लाख कोटी डॉलरचा कार्यक्रम, वीज आणि वाहतूक २०३० पर्यंत पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर. फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक फोडून तेल-वायू काढण्यावर, बंदी, आणि अणुवीज प्रकल्पांच्या परवान्यांचं नूतनीकरणही बंद. हा शेवटचा मुद्दा आम्हाला त्यांच्या सगळ्या धोरणांत सर्वांत दुबळा वाटतो. कर्ब न सोडणारी चालू वीज बंद करून तीच मुदत पाळणं फार अवघड होतं.

त्यांनी कधी भूमिका बदलली का?

आर्थिक प्रश्नांवर जवळपास नाही. १९९३ चा नाफ्टा हा मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार, २००२ ची इराक युद्धाला मंजुरी, पाळतीचे अधिकार वाढवणारा पेट्रियट कायदा, १९९६ चा समलिंगी विवाहविरोधी कायदा, या सगळ्यांना त्यांचं विरोधी मत नोंदलेलं आहे. बंदुकांवर मात्र बदल झाला. व्हरमाँट हा शिकारीचा मुलूख. बंदूक विकण्याआधी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासायला लावणाऱ्या १९९३ च्या ब्रेडी विधेयकाला त्यांनी विरोध केला आणि २००५ मध्ये बंदूक उत्पादकांना दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला. प्रायमरीतल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांनी २०१६ मध्ये याच मतावर त्यांना घेरलं, आणि नंतर ते संरक्षण काढून घेण्याच्या बाजूने ते उभे राहिले.

२०१६ मध्ये त्यांना पक्षाने हरवलं का?

पक्षाची यंत्रणा निष्पक्ष नव्हती. पक्षाच्या फुटलेल्या ईमेलमधून ते दिसलं आणि जुलै २०१६ मध्ये पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं. उमेदवार शेवटी राज्याराज्यातून आलेले प्रतिनिधी ठरवतात. सातशेहून अधिक 'सुपरडेलिगेट', म्हणजे मतदारांनी न निवडलेले प्रतिनिधी, बहुसंख्येने क्लिंटन यांच्याकडे आधीच गेले होते. पण ते सगळे बाजूला काढले तरी मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींमध्ये क्लिंटन सुमारे ३६० ने पुढे होत्या आणि मतांमध्ये सुमारे ३७ लाखांनी. पराभवाचं मोठं कारण दक्षिणेकडची राज्यं. तिथे कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना फार कमी साथ दिली. साउथ कॅरोलायनात क्लिंटन यांना सुमारे ७३ टक्के मतं मिळाली.

दुसरं कारण नोंदणीचं. न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिल २०१६ ला होती, पण पक्ष बदलून नोंदवायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. अपक्ष म्हणून नोंदलेले असंख्य समर्थक मतदान केंद्रावरून परत गेले. पुढे कायद्याने ही मुदत १४ फेब्रुवारीवर आली. सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत निर्णायक मत देता येणार नाही, हा २०१८ चा नियमही या लढतीचंच फळ.

२०२० मध्ये पुढे असूनही कसे मागे पडले?

आयोवात त्यांना सर्वाधिक मतं पडली, पण निकालाचं ॲप कोलमडल्याने त्या रात्री कोणीच विजेता ठरला नाही. प्रतिनिधींच्या गणितात प्रतिस्पर्धी पीट बुटिजेज किंचित पुढे गेले. न्यू हॅम्पशायर सँडर्स यांनी जिंकलं, नेवाडा तर मोठ्या फरकाने. लास वेगासच्या हॉटेल कामगारांची युनियन, स्वतःचा चांगला विमा जाईल म्हणून, त्यांच्या आरोग्य योजनेच्या विरोधात होती. कामगारांनी तरीही त्यांना मतं दिली.

मग चार दिवसांत चित्र पालटलं. २९ फेब्रुवारीला आणखी एक प्रतिस्पर्धी जो बायडन यांनी साउथ कॅरोलायना सुमारे ४९ विरुद्ध २० टक्क्यांनी जिंकलं. बुटिजेज आणि दुसऱ्या उमेदवार एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्यं बायडन यांच्याकडे गेली. सँडर्स यांचा डाव विरोधी मतं अनेकांत विभागलेली राहतील यावर उभा होता. समोर एकच उमेदवार उरताच तो कोसळला. ८ एप्रिलला त्यांनी मोहीम थांबवली.

१५ टक्क्यांचा नियम काय आहे?

राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्क्यांखाली राहिलेल्या उमेदवाराला तिथला एकही प्रतिनिधी मिळत नाही. समजा एका मतदारसंघात सहा प्रतिनिधी आहेत. 'अ' ला ४० टक्के, 'ब' ला ३०, बाकी सगळे १५ च्या खाली. वाटणी फक्त ७० टक्क्यांत होते. 'अ' चे ३.४३, 'ब' चे २.५७, पूर्णांक केल्यावर तीन-तीन. दहा टक्के आघाडी असूनही बरोबरी. म्हणूनच राज्य 'जिंकलं' या बातमीपेक्षा प्रतिनिधींचा तक्ता पाहावा.

भारत आणि एच-१बी व्हिसावर त्यांची भूमिका काय?

एच-१बी या, परदेशी कुशल कामगारांना अमेरिकेत नोकरी देणाऱ्या व्हिसाचे ते जुने टीकाकार आहेत. २००९ मध्ये त्यांनी रिपब्लिकन चक ग्रासली यांच्यासोबत, सरकारी मदत घेणाऱ्या बँकांवर असे कर्मचारी नेमताना निर्बंध घातले. जानेवारी २०२५ मध्ये व्हिसाचं शुल्क दुप्पट करण्याची दुरुस्ती सुचवली. कंपन्या स्वस्त, नोकरी बदलू न शकणारे कामगार आणतात, हा त्यांचा आक्षेप. आयटीतल्या मराठी वाचकांना तो बोचतो, पण मालकाशी बांधलं जाण्याचा त्रास त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? काश्मीरमधल्या निर्बंधांवर २०१९ मध्ये आणि दिल्लीतल्या हिंसाचारावर २०२० मध्ये त्यांनी उघड टीका केली होती.

मराठी माणसाशी त्यांची गाठ एका प्रायमरीत पडली. २०१८ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. सँडर्स यांनी पाठिंबा दिला तो अब्दुल अल-सय्यद यांना. ठाणेदार तिसरे आले.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना प्रायमरीत काय करता येतं?

मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डधारकाने केंद्रीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. चूक बहुधा वाहन परवान्याच्या कार्यालयात होते: फॉर्मवर 'मतदार नोंदणी करायची का' या चौकोनात नकळत खूण केली जाते. तो चौकोन वाचूनच सही करावी.

देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचे नाही. नागरिक मित्राच्या नावाने आपले पैसे देणंही बेकायदा. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं मात्र व्हिसाधारकांनाही चालतं. मोहिमेचा पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात त्यांनी भाग घेऊ नये.

नागरिक असाल तर राज्याचा नियम आधीच बघा. टेक्ससमध्ये पक्षनोंदणी नाही, त्या दिवशी हवी ती प्रायमरी निवडता येते. न्यू जर्सीत कुठल्याही पक्षात नोंद नसलेला मतदार केंद्रावरच पक्ष निवडू शकतो. कॅलिफोर्नियात दोन फसगती नेहमी होतात. अपक्ष राहायचं म्हणून लोक 'अमेरिकन इंडिपेंडंट' वर खूण करतात, तो एक उजवा पक्ष आहे. आणि पक्षाची पसंती न नोंदवलेल्याने डेमोक्रॅटिक मतपत्रिका वेगळी मागितली नाही, तर टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची लढतच छापलेली नसते.